‘गर्भगळित’ : अर्थ, घडण आणि प्रयोग

पदव्युत्तर वर्गात कोशार्थ आणि प्रयोगार्थ यांतील भेदाची चर्चा चालू असता एका अनुवादित उताऱ्यातील ‘ते दृश्य पाहून सैनिक गर्भगळित झाले’ हे वाक्य विचारासाठी पुढे आले. त्यावर तीन विद्यार्थ्यांनी तीन आक्षेप घेतले. एकाचे म्हणणे असे की, सैनिक पुरुष असल्यामुळे त्यांना हे विशेषण लावणेच असंबद्ध होय. दुसरा संस्कृत घेतलेला विद्यार्थी. त्याच्या मते शब्दाची घडणच अशुद्ध असून तो ‘गलितगर्भ’ असा हवा. तिसरा आक्षेप एका विद्यार्थिनीचा होता. ती एवढेच म्हणाली, “हा शब्द मला लिहिता येत नाही. ज्या दुःखाविषयी कोणी मोठ्याने बोलतही नाही, त्यापासून आपण पळपुट्या सैन्याचे विशेषण केले आहे.”

प्रस्तुत लेखकाने त्या वेळी तिन्ही आक्षेपांना एकच उत्तर दिले. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. रूढीने अर्थ ठरतो आणि रूढी या शब्दाच्या बाजूने आहे. पहिल्या दोघांचे त्याने समाधान झाले. तिसरी विद्यार्थिनी गप्प राहिली. ते मौन संमतीचे नव्हते हे उघड होते. पुढे विचार करता असे दिसून आले की, दिलेले उत्तर चुकीचे नव्हते, परंतु अपुरे होते. प्रस्तुत टिपण त्या अपुरेपणाची भरपाई करण्याच्या हेतूने लिहिले आहे. आज हा शब्द कोणत्या अर्थाने व कोणत्या मर्यादेत चालतो ते प्रथम पाहू. नंतर त्यातील प्रतिमेचा व घडणीचा विचार करू. आणि अखेरीस तिन्ही आक्षेपांकडे परत येऊ.

१. प्रयोगाच्या मर्यादा

‘अत्यंत घाबरलेला’ हा ‘गर्भगळित’ या शब्दाचा सर्वसामान्य अर्थ होय. तो बरोबर आहे, पण त्यावरून शब्द कोठे चालतो आणि कोठे चालत नाही हे कळत नाही. ‘अत्यंत घाबरलेला’ हे शब्द जेथे बसतात तेथे ‘गर्भगळित’ घालून पाहिले, तर पुष्कळ ठिकाणी वाक्य मोडते.

पहिली मर्यादा विभक्तीची. मराठीत ‘भिणे’ आणि ‘घाबरणे’ या क्रियापदांना भीतीचा विषय ‘-ला’ किंवा ‘-स’ लावून जोडता येतो. ‘तो सापाला भितो’, ‘मुले मास्तरांना घाबरतात’ ही वाक्ये नित्याची आहेत. परंतु ‘तो सापाला गर्भगळित झाला’ असे कोणीही म्हणणार नाही. ‘साप पाहून’, ‘ती बातमी ऐकून’, ‘त्या गर्जनेने’ अशीच योजना करावी लागते. म्हणजे ‘भिणे’ हे भिणारा आणि भीतीचा विषय यांच्यातील संबंध सांगते. ‘गर्भगळित होणे’ हे कारण घडून गेल्यावर माणसाची जी अवस्था होते ती सांगते. ‘भीती वाटणे’ याहूनही ते निराळे आहे. ‘मला भीती वाटते’ या वाक्यात अनुभव घेणारा चतुर्थीत असतो आणि भीती ही त्याच्याकडे येणारी वस्तू असते. ‘मी गर्भगळित झालो’ या वाक्यात तो प्रथमेत आहे. येथे त्याला काही वाटत नसून तोच काहीतरी होत आहे.

दुसरी मर्यादा काळाची. भीती वर्षानुवर्षे राहू शकते. धाक जन्मभर पुरतो. धसका घेतलेला माणूस महिनोन्महिने खंगत जातो. धास्ती तर पुढे काय होईल याचीच असते. ‘गर्भगळित’ हा शब्द या दीर्घ अवस्थांना लागत नाही. ‘तो लहानपणापासून गर्भगळित आहे’ हे वाक्य हास्यास्पद होते. एखादी गोष्ट दृष्टीस पडावी किंवा कानी यावी आणि तत्क्षणी ही अवस्था व्हावी, असा त्याचा प्रयोग आहे. म्हणूनच त्याच्या मागे ‘पाहून’ आणि ‘ऐकून’ ही दोन अव्यये पुनःपुन्हा आढळतात, आणि त्याच्या पुढे बहुधा ‘होणे’ किंवा ‘करणे’ ही क्रियापदे येतात. ‘गर्भगळित माणूस’ असा नामापूर्वीचा सरळ विशेषणप्रयोग विरळ असून ‘गर्भगळित झालेला माणूस’ हाच स्वाभाविक वाटतो.

तिसरी मर्यादा प्रमाणाची. ‘थोडा घाबरला’, ‘जरासा भ्याला’ असे आपण म्हणतो. ‘थोडा गर्भगळित झाला’ असे विनोदासाठीच म्हणता येईल. याउलट ‘पार’, ‘अगदी’, ‘पुरता’ ही संपूर्णतादर्शक विशेषणे त्याला सहज लागतात. शब्द कमाल मर्यादा सांगणारा असला म्हणजे त्याला चढ-उतार नसतो. मर्यादा गाठली किंवा गाठली नाही एवढेच सांगावयाचे असते. ‘अधिक गर्भगळित’ हा प्रयोग याच कारणाने खटकतो.

चौथी मर्यादा वक्त्याची. प्रत्यक्ष संकटात सापडलेला मनुष्य ‘मी गर्भगळित झालो आहे’ असे ओरडत नाही. त्या वेळी तोंडातून येणारे शब्द ‘घाबरलो’, ‘मेलो’, ‘धावा’ असले असतात. तसेच भ्यालेल्या मुलाला जवळ घेऊन आई ‘भिऊ नकोस’ म्हणते, ‘गर्भगळित होऊ नकोस’ म्हणत नाही. हा शब्द पाहणाऱ्याचा आणि सांगणाऱ्याचा आहे. कीर्तनकार, कादंबरीकार, इतिहासकार, बातमीदार हे तो वापरतात; पूर्वी घडलेली हकीकत सांगताना मनुष्य स्वतःविषयीही तो वापरील, परंतु तेव्हा तो स्वतःकडे दुरून पाहत असतो. या अंतरामुळे शब्दाच्या अंगी भारदस्तपणा आला आहे. आणि प्रसंग क्षुल्लक असेल तर त्याच भारदस्तपणामुळे विनोदही निर्माण होतो. प्रश्नपत्रिका पाहून गर्भगळित झालेला परीक्षार्थी ही अतिशयोक्ती अशाच प्रकारची होय.

२. प्रतिमेचा उगम

‘गर्भ’ आणि ‘गळणे’ या दोन घटकांवरून शब्दातील मूळ चित्र उघड आहे. भीतीमुळे गर्भवतीचा गर्भ गळून पडावा, हे ते चित्र होय. भारतीय कथावाङ्मयात ही कल्पना जुनी आणि सर्वत्र पसरलेली आहे. भागवताच्या दशम स्कंधात छत्तिसाव्या अध्यायात अरिष्टासुराचे वर्णन आहे. बैलाच्या रूपाने तो गोकुळात येतो, आणि त्याच्या निष्ठुर डरकाळीने गाईंचे व स्त्रियांचे गर्भ भयाने अकाली पडतात व स्रवतात, असे तेथे सांगितले आहे. तुलसीदासाच्या रामचरितमानसात हीच कल्पना एकाहून अधिक वेळा येते. बालकांडात रावणाच्या गर्जनेने देवस्त्रियांचे गर्भ स्रवतात, तर सुंदरकांडात लंकेतून निघताना हनुमंताने केलेल्या गर्जनेने राक्षसस्त्रियांचे. दुष्टाची गर्जना असो की भक्ताची, परिणाम तोच. तेव्हा ही कल्पना भय उत्पन्न करणाऱ्याच्या बऱ्यावाईटपणाशी निगडित नसून केवळ आवाजाच्या भीषणतेचे माप म्हणून वापरली जाते, हे लक्षात येईल.

भागवतातील प्रसंगात ‘पडणे’ व ‘स्रवणे’ अशी दोन क्रियापदे आली आहेत. वैद्यकात या दोहोंत भेद केलेला आहे. सुश्रुताच्या निदानस्थानात चौथ्या महिन्यापर्यंत गर्भाचा ‘स्राव’ आणि पाचव्या-सहाव्या महिन्यांत ‘पात’ असे म्हटले आहे. चरकाच्या शारीरस्थानातही गर्भिणीला रक्तस्राव होण्याच्या कारणांत क्रोध, शोक, असूया, ईर्ष्या यांबरोबर भय आणि त्रास यांची गणना आहे. म्हणजे कथाकाराची कल्पना ही केवळ कविकल्पना नव्हती. तत्कालीन शास्त्राचाही तिला आधार होता.

महाराष्ट्रात हे कथावाङ्मय पुराण, कीर्तन आणि पोथ्या यांच्या द्वारा घराघरांत पोचले. श्रीधराचे ‘हरिविजय’ (१७०२) आणि ‘रामविजय’ (१७०३) हे ग्रंथ गावोगाव वाचले जात होते. असुरांच्या आरोळ्या आणि त्यांनी कापणारी त्रिभुवने हे अशा श्रवणातून परिचित झालेले वातावरण होय. ‘गर्भगळित’ या शब्दाची उंच, निवेदकाची पट्टी या वातावरणाशी जुळणारी आहे. तो ओट्यावरच्या बोलण्यातला शब्द नसून व्यासपीठावरचा आहे.

३. घडण : समास, ‘ळ’ आणि वेलांटी

आता शब्दाच्या घडणीकडे वळू. ‘जिचा गर्भ गळला आहे ती’ असा विग्रह केल्यास हा बहुव्रीही समास ठरतो. ‘गर्भापासून गळलेला’ असा पंचमी तत्पुरुष घेतला, तर तो शब्द आईला न लागता प्रत्यक्ष गर्भाला लागेल आणि प्रचलित अर्थाशी त्याचा संबंध राहणार नाही. म्हणून बहुव्रीहीच मानला पाहिजे. बहुव्रीहीत ‘क्त’प्रत्ययान्त विशेषण पूर्वपदी यावे, असे पाणिनीने २.२.३६ या सूत्रात सांगितले आहे. त्याप्रमाणे ‘गलितगर्भा’ हे रूप सिद्ध होते. आपल्या विद्यार्थ्याचा आक्षेप या नियमावर आधारलेला होता. तथापि लगेच पुढच्या, २.२.३७ या सूत्रात ‘आहिताग्नी’ आदी शब्दांना विकल्प दिला असून ‘अग्न्याहित’ असा उलट क्रमही मान्य केला आहे. वार्त्तिककारांनी आणखी काही शब्दगटांत ‘क्त’प्रत्ययान्त पद उत्तरपदी ठेवण्याची मुभा दिली आहे. तेव्हा संस्कृताच्या दृष्टीनेही हा क्रम अश्रुतपूर्व आहे असे नव्हे.

परंतु खरा मुद्दा वेगळाच आहे. हा शब्द मराठीने आपल्या पद्धतीने घडवलेला दिसतो, आणि मराठीची पद्धत नाम आधी व विशेषण नंतर अशी आहे. ‘दातपडका म्हातारा’, ‘शिंगमोडका बैल’, ‘कानतुटका कप’ हे शब्द पाहावेत. या सर्वांत अवयव आधी येतो आणि त्याची झालेली हानी नंतर येते. ‘पडकदाता’ किंवा ‘मोडकशिंगा’ असे आपण म्हणत नाही. ‘गर्भगळित’ या शब्दातील दोन्ही पदे संस्कृतातून आलेली असली, तरी त्यांची मांडणी ‘दातपडका’च्या वळणाची आहे. एक भेद मात्र आहे. ‘दातपडका’ हा शब्द लिंगवचनाप्रमाणे ‘दातपडकी’, ‘दातपडके’ असा बदलतो. ‘गर्भगळित’ सर्व लिंगवचनांत तसाच राहतो. बदल न पावणे हे तत्सम विशेषणाचे लक्षण होय. पदे संस्कृत, क्रम मराठी, विकार संस्कृतासारखा, अशी ही संमिश्र घडण आहे.

‘ळ’ची साक्षही याच दिशेची आहे. संस्कृतातील दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो आणि प्राकृतातील द्वित्त ‘ल्ल’ मराठीत ‘ल’ राहतो, हा ध्वनिनियम सुपरिचित आहे. ‘फल’पासून ‘फळ’ आणि ‘काल’पासून ‘काळ’. पण ‘तेल्ल’पासून ‘तेल’ आणि ‘मूल्य’पासून ‘मोल्ल’द्वारा ‘मोल’. या नियमाने ‘गल्’ धातूचा मराठीत ‘गळणे’ झाला. परंतु ‘गलित’ हा शब्द खरोखर प्राकृताच्या वाटेने आला असता, तर त्यातील दोन स्वरांमधला ‘त’ लुप्त व्हावयास हवा होता. प्राकृतात ‘गलिअ’ असेच रूप होते. ‘गर्भगळित’मध्ये ‘त’ टिकला आहे आणि ‘ल’ मात्र बदलला आहे. म्हणजे हा शुद्ध तद्भवही नाही आणि शुद्ध तत्समही नाही.

केवळ ‘ळ’वरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, हे येथे नमूद केले पाहिजे. ‘कमल–कमळ’, ‘मंगल–मंगळ’ अशा जोड्यांत तत्सम शब्दांनाही मराठी उच्चार लाभलेला आहे. परंतु ‘गलितगात्र’ हा शब्द शेजारी ठेवला, म्हणजे चित्र स्पष्ट होते. तेथे ‘क्त’प्रत्ययान्त पद संस्कृत नियमाप्रमाणे आधी आहे आणि ‘ल’ कायम आहे. ‘गर्भगळित’मध्ये ते पद मराठी क्रमाने नंतर आहे आणि ‘ळ’ झाला आहे. क्रम आणि ध्वनी दोन्ही बरोबरच बदलले आहेत. ‘गलितगात्र’ म्हणताना आपण संस्कृत बोलतो. ‘गर्भगळित’ म्हणताना बोलणाऱ्याच्या कानात ‘गळणे’ हे चालू मराठी क्रियापद वाजत असते.

या दुहेरी स्वरूपाचा परिणाम लेखनावरही झाला आहे. छापील मजकुरात ‘गर्भगळित’ आणि ‘गर्भगळीत’ अशी दोन्ही रूपे आढळतात. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांप्रमाणे मराठी अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ लिहावयाचा आणि तत्सम शब्दाचा मुळाप्रमाणे ठेवावयाचा. ‘गणित’ ऱ्हस्व, परंतु ‘ओलीत’ आणि ‘पडीत’ दीर्घ, ते याच कारणाने. साखर कारखान्यांचा ‘गळीत हंगाम’ दरवर्षी वृत्तपत्रांत येतो. तेथील ‘गळीत’ ऊस गाळण्याशी निगडित मराठी नाम असल्याने दीर्घ आहे. आपल्या शब्दाला ‘गणित’च्या पंक्तीत बसवावे की ‘गळीत हंगामा’च्या, हा प्रश्न म्हणजे तो तत्सम मानावा की मराठी, हाच प्रश्न होय. ‘त’ टिकून राहिलेला ‘क्त’प्रत्यय स्पष्ट दिसत असल्यामुळे ऱ्हस्व लेखन अधिक सयुक्तिक वाटते, परंतु दीर्घ लिहिणाऱ्याला अडाणी म्हणण्याचे कारण नाही. शब्द मराठी झाला आहे, एवढेच त्याच्या वेलांटीवरून कळते.

४. ‘गळणे’चे कुळ

शब्द मराठी झाला म्हणजे काय झाले? याचे उत्तर मराठीतील भयवाचक वाक्प्रचारांत सापडते. हे वाक्प्रचार त्यांतील क्रियापदांवरून मुख्यतः तीन गटांत मांडता येतात. पहिल्या गटात भीती बाहेरून येऊन आत ठाण मांडते : धडकी भरते, दहशत बसते, मनात भय शिरते. दुसऱ्या गटात माणसाची व्यवस्था उधळली जाते : घाबरगुंडी उडते, भंबेरी उडते, तारांबळ उडते. तिसऱ्या गटात आत असलेले काही निघून जाते : धीर सुटतो, अवसान गळते, हातपाय गळतात.

तिसऱ्या गटात ‘गळणे’ या धातूचे प्राबल्य नजरेत भरते. ‘गळाठणे’ हे क्रियापद, ‘घाबरून गाळण उडणे’ यातील ‘गाळण’ आणि तत्सम ‘गलितगात्र’ ही सर्व याच कुळातील होत. (‘गाळण उडणे’ यात दुसऱ्या व तिसऱ्या गटांचा संकर झाला आहे.) या कुळामागील कल्पना अशी की, धैर्य हे शरीरात भरलेले एक द्रव्य आहे, भीतीने शरीराला गळती लागते आणि मनुष्य रिकामा होतो. ‘अवसान’ या शब्दाचा संस्कृत अर्थ ‘शेवट’ असा आहे. मराठीत तो ‘धैर्य, बळ’ या अर्थाने रूढ झाला आणि गळू लागला.

‘गर्भ’ या पदानेही या कल्पनेला साहाय्य केले. संस्कृतात व मराठीत ‘गर्भ’ म्हणजे केवळ उदरातील जीव नव्हे. ‘आतला भाग’ असाही त्याचा अर्थ आहे. ‘गर्भगृह’, ‘गर्भितार्थ’, ‘गर्भरेशमी’ हे शब्द पाहावेत. ‘गाभा’ आणि ‘गाभारा’ हे तर ‘गर्भ’ शब्दाचेच प्राकृतातून आलेले वंशज होत. ‘गर्भ’ म्हणजे ‘गाभा’ आणि ‘गळित’ म्हणजे ‘गळालेला’ असे ऐकणाऱ्याला ‘गर्भगळित’ म्हणजे ‘ज्याच्या आतले सारे गळून गेले आहे असा’ हा अर्थ आपोआप प्राप्त होतो. त्याला ना अरिष्टासुर आठवावा लागतो, ना गर्भवती स्त्री. अशा रीतीने पुराणातील प्रतिमा आणि मराठीतील ‘गळणे’चे कुळ हे दोन प्रवाह एका शब्दात मिळाले, आणि दुसऱ्या प्रवाहाने पहिला झाकून टाकला. पुरुषांना, सैन्याला, सर्व नगराला हा शब्द लागू शकतो तो यामुळेच. पहिल्या आक्षेपाचे उत्तर येथे मिळते.

या अर्थांतराला एक बाह्य पुरावाही आहे. मूळ वाच्यार्थ सांगण्यासाठी मराठी माणूस ‘गर्भगळित’ हा शब्द वापरीत नाही. स्त्रीविषयी ‘गर्भपात झाला’, ‘गर्भ पडला’ असे तो म्हणतो. आणि गाईम्हशींच्या बाबतीत ‘गाभण’ या शब्दाला जवळचे ‘गाभडणे’ हे क्रियापद आहे. ‘गाय गाभडली’ हे वाक्य शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष हानीचे असते. त्यात अलंकार नसतो. तद्भव शब्दाने गोठ्यातले सत्य आपल्याकडे ठेवले आणि तत्सम शब्द लक्ष्यार्थाकडे गेला. एकाच मूळ शब्दाच्या दोन रूपांत अर्थाची अशी वाटणी होणे, हे भाषेत वारंवार घडते.

५. रसशास्त्रातील स्थान

भयाची बाह्य चिन्हे कोणती, याचा विचार नाट्यशास्त्राने सूक्ष्मतेने केला आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव होत. मराठीतील भयवाचक प्रयोग या यादीशी आश्चर्यकारक रीतीने जुळतात. जागच्या जागी खिळणे हा स्तंभ, दरदरून घाम फुटणे हा स्वेद, अंगावर काटा येणे हा रोमांच, बोबडी वळणे हा स्वरभेद, थरथर कापणे हा वेपथु आणि पांढराफटक पडणे हे वैवर्ण्य. ‘गर्भगळित’ला मात्र या आठांत स्वतःचे घर नाही. फार तर प्रलयाशी त्याची जवळीक सांगता येईल. याचे कारण असे की, इतर शब्द प्रेक्षकाला दिसणारे चिन्ह सांगतात आणि हा शब्द न दिसणारी अंतर्गत हानी सांगतो. गर्भगळित झालेला मनुष्य कापत असेल किंवा दगडासारखा उभा असेल. शब्द त्याविषयी मौन पाळतो.

तेहतीस व्यभिचारी भावांत नाट्यशास्त्राने ‘त्रास’ हा वेगळा भाव सांगितला आहे. वीज, उल्का, मेघगर्जना, श्वापदांचा आवाज ही त्याची कारणे. ‘भय’ हा स्थायी भाव, तर ‘त्रास’ अकस्मात उठणारा. आजच्या मराठीत ‘त्रास’ या शब्दाला ‘उपद्रव, दगदग’ असा सौम्य अर्थ आला आहे. त्या जुन्या ‘त्रासा’ची, म्हणजे ऐकताच वा पाहताच होणाऱ्या भयाची, रिकामी झालेली जागा मराठीत ज्या शब्दांनी भरून काढली, त्यांत ‘गर्भगळित’ची गणना करावयास हरकत नाही. पहिल्या भागात पाहिलेली ‘पाहून’ व ‘ऐकून’ यांची साहचर्ये या मताला पोषकच आहेत.

६. व्युत्पत्ती आणि प्रवृत्ती

आता तत्त्वाचा प्रश्न. मम्मटाने रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द दिला. कुश नावाचे गवत आणणारा तो कुशल. कामात कुशल असे म्हटले की वाच्यार्थ बाधित होतो आणि लक्षणेने ‘निपुण’ हा अर्थ येतो. विश्वनाथाने साहित्यदर्पणात यावर आक्षेप घेतला. शब्द कशापासून बनला हे त्याचे व्युत्पत्तिनिमित्त होय आणि तो कशासाठी वापरला जातो हे प्रवृत्तिनिमित्त होय. ही दोन वेगळी आहेत, असे त्याने दाखवले. ‘गो’ हा शब्द ‘जाणे’ या अर्थाच्या धातूपासून आला म्हणून निजलेल्या गाईला ‘गो’ म्हणताना लक्षणा करावी लागत नाही.

या विवेचनाने पहिले दोन आक्षेप निकालात निघतात. ‘पाचावर धारण बसणे’ हा वाक्प्रचार वापरताना ‘धारण’ म्हणजे धान्याचा भाव हे ठाऊक असण्याची गरज नाही. त्याचप्रमाणे ‘गर्भगळित’ म्हणताना गर्भाची गरज नाही. वर्गात दिलेले उत्तर हेच होते.

ते अपुरे का, हे आता सांगता येईल. व्युत्पत्तिनिमित्त झाकले जाते, नष्ट होत नाही. ‘गो’ या शब्दातील गमनक्रिया कोणालाच दिसत नाही; परंतु ‘गर्भगळित’मधील ‘गर्भ’ आणि ‘गळणे’ हे दोन्ही शब्द आजच्या मराठीत जिवंत व पारदर्शक आहेत. अशा शब्दाचा मूळ अर्थ प्रसंग येताच वर येतो. पुढील वाक्य पाहावे : ‘भूकंपाच्या धक्क्याने प्रसूतिगृहातील स्त्रिया गर्भगळित झाल्या.’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असून अर्थदृष्ट्या भयंकर आहे. बातमीदाराला केवळ ‘फार घाबरल्या’ असे म्हणावयाचे असेल. वाचकाला त्यातून दुसरीच वार्ता कळेल. संदर्भात गर्भवती येताच झाकण उघडते. हे वाक्य कोणीही जाणता लेखक लिहिणार नाही, आणि तो लिहिणार नाही हाच मूळ अर्थ पूर्णपणे मेलेला नसल्याचा पुरावा होय.

जे संदर्भाच्या बाबतीत खरे आहे ते वाचकाच्या बाबतीतही खरे आहे. काही वाचकांच्या आयुष्यातच तो संदर्भ असतो. त्यांना शब्दावरचे झाकण उघडण्यासाठी प्रसूतिगृहाचा उल्लेख लागत नाही. आमच्या विद्यार्थिनीने ‘मला लिहिता येत नाही’ असे म्हटले होते. ‘शब्द चुकीचा आहे’ असे म्हटले नव्हते. हा भेद प्रस्तुत लेखकाच्या तेव्हा ध्यानात आला नाही. तिचे विधान शब्दाच्या अर्थाविषयी नसून त्याच्या पारदर्शकतेविषयी होते, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने ते अगदी अचूक होते.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. शब्द हे जुन्या समजुतींचे साठे असतात. त्या समजुतींची प्रमाणपत्रे नव्हेत. चरकाच्या काळी भय हे गर्भपाताचे कारण मानले गेले. एखाद्या क्षणाच्या भीतीने गर्भ पडतो असे आजचे वैद्यक मानीत नाही. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांच्या किंवा त्याहून अधिकांच्या मुळाशी गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो, आणि त्यावर आईच्या धीटपणाचा वा भित्रेपणाचा कसलाही परिणाम होत नाही. तरीही अशा प्रसंगानंतर ‘काही पाहून घाबरलीस का?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि दुःखात अपराधाची भर पडते. भाषेने जपलेल्या प्रतिमेला कोणी पुरावा मानू नये, हे सांगणे शब्दाच्या अभ्यासकाचेही कर्तव्य आहे.

७. समारोप

निष्कर्ष थोडक्यात असे. ‘गर्भगळित’ हा शब्द दर्शनाने किंवा श्रवणाने अकस्मात उद्भवणाऱ्या, कमाल मर्यादेच्या आणि मनुष्याला आतून रिकामे करणाऱ्या भीतीचा वाचक आहे. तो निवेदकाचा शब्द आहे. त्याची घडण संस्कृत पदांची व मराठी क्रमाची आहे. आणि ‘गळणे’च्या कुळात सामावल्यामुळे त्याचा प्रयोग लिंगनिरपेक्ष झाला आहे. सैनिक गर्भगळित होऊ शकतात. ‘गलितगर्भ’ अशी दुरुस्ती करण्याचे कारण नाही.

तो वापरावा की वापरू नये, याचा निर्णय मात्र व्याकरण देऊ शकत नाही. मराठीत भयवाचक शब्दांची वाण नाही. एखाद्या लेखकाने हा शब्द टाळला, तर त्याच्या मराठीत काही उणे आले असे समजू नये. आणि एखाद्याने तो योग्य जागी वापरला, तर त्याला निर्दय ठरवू नये. शिक्षकाने करावयाचे ते एवढेच की, शब्दाचे दोन्ही निमित्त विद्यार्थ्यांपुढे ठेवावे आणि निवड त्यांच्यावर सोपवावी. त्या अनुवादाच्या अंतिम प्रतीत विद्यार्थिनीने ‘सैनिकांचे अवसान गळाले’ असे लिहिले. ‘गळणे’ तिने ठेवले, आणि सैनिकांच्या भीतीचे वजनही त्या वाक्यात कोठे कमी झाले नाही.